‘पर्यंत’ म्हणजे बाय, टिल की बिफोर? वेळेचं इंग्रजी मराठीचा हात धरून शिकवूया



आजचा विषय इंग्रजी व्याकरणाचा आहे. वेळ सांगताना वापरायचे छोटे छोटे शब्द, म्हणजे ॲट, ऑन, इन, सिन्स, फॉर, बाय, टिल. आपण त्यांना प्रिपोझिशन म्हणतो. पण नियमांच्या आधी एक प्रसंग सांगते. कारण हा विषय फक्त रिकाम्या जागा भरा आणि दोन मार्क मिळवा एवढाच आहे असं मलाही बरीच वर्षं वाटायचं.

शाळा उघडून पहिलाच आठवडा होता. चौथीतून पाचवीत गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याची आई भेटायला आली. घरकामाला जाते, ऐरोलीतच चार घरं आहेत तिच्याकडे. मोठ्या मुलीच्या प्रवेशासाठी एका कार्यालयातून मोबाईलवर मेसेज आला होता. मेसेज इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारा एकच, आमचा हा पठ्ठ्या. त्याने वाचून सांगितलं, “आई, १० जूनपर्यंत कागद द्यायचेत.” आईने १० जूनला दोन घरांची सुट्टी घेतली, फाईल घेऊन खिडकीवर गेली. तिथे सांगितलं, मुदत काल संपली. मेसेजमध्ये होतं ‘बिफोर १० जून’. म्हणजे शेवटचा दिवस ९ जून. पुढच्या यादीची वाट बघत बसावं लागलं.

आई रागावलेली नव्हती. फक्त म्हणाली, “मॅडम, याला इंग्रजीत अ श्रेणी दिली ना तुम्ही? मग असं कसं झालं?” मुलगा मान खाली घालून उभा. मला काय बोलावं सुचेना. कारण त्याला बिफोर हा शब्द माहीत होता. मीच शिकवला होता. ‘ए कम्स बिफोर बी’ असा. तारखेच्या मागे ‘बिफोर’ लागला की ती तारीख धरायची नाही, हे मात्र मी कधीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि तेच आज मांडायचंय. वेळेचे हे इंग्रजी शब्द मुलांना मराठी बाजूला ठेवून शिकवता येत नाहीत. ते मराठीशी जोडी लावूनच शिकवावे लागतात. आपली मुलं इथे चुकतात ती अडाणीपणाने नाही. ती चुकतात कारण त्यांना मराठी चांगलं येतं.

एक वेलांटी, तीन शब्द

हे तीन शब्द बघा. सोमवारी. सकाळी. रात्री.

तिन्हीच्या शेवटी एकच दीर्घ ई. मराठी मूल तीन वर्षांचं असल्यापासून ही ई बरोबर लावतं, कोणी शिकवावं लागत नाही. आता याचं इंग्रजी करा. ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’. आपल्या एका वेलांटीसाठी इंग्रजीत तीन वेगवेगळे शब्द! त्यात भर म्हणजे ‘१९९२ साली’. तिथेही तीच ई आणि इंग्रजीत ‘इन १९९२’.

शिवाय आपली खूण शब्दाच्या मागे चिकटते, इंग्रजीची शब्दाच्या पुढे सुटी उभी राहते. आपल्याकडे ‘मध्ये’, ‘पासून’, ‘पर्यंत’ ही शब्दयोगी अव्ययं नामाला जोडूनच लिहितात. वेलांटी तर मुलाला वेगळा शब्द वाटतच नाही, ती त्या शब्दाचाच भाग असते. म्हणून मूल ‘मी रविवारी आजीकडे जातो’ या वाक्याचं इंग्रजी करताना ‘आय गो टू ग्रँडमदर संडे’ लिहितं. आपण लाल पेनाने ‘ऑन’ घालतो आणि म्हणतो, “कितीदा सांगायचं?” अहो, त्याच्या डोक्यात तिथे शब्दच नव्हता, तर तो लिहिणार कुठून?

मी आता पहिल्यांदा फळ्यावर मराठीच लिहिते. ‘रविवार’ आणि ‘रविवारी’. विचारते, “दोन्हीत फरक काय?” मुलं म्हणतात, “वेलांटी.” मग विचारते, “या वेलांटीने काय सांगितलं?” एखादं मूल बरोबर सांगतं, “कधी ते सांगितलं.” झालं. मग म्हणायचं, “ही वेलांटी इंग्रजीत पुढे येऊन उभी राहते. तिला तिथे ऑन म्हणतात.” हे पाच मिनिटांचं काम आहे. पण माझ्या वर्गात ‘ऑन’ विसरण्याचं प्रमाण यानेच कमी झालं.

घड्याळ, चौकट आणि पान

आता ॲट, ऑन, इन यांतलं कुठलं कधी? आपण बहुतेक जण उलटा त्रिकोण काढतो. वर मोठा इन, मध्ये ऑन, खाली टोकाला ॲट. त्रिकोण चुकीचा नाही, पण दुसरी-तिसरीच्या मुलाला तो हवेत लटकलेला वाटतो. त्यापेक्षा घरातली भिंत वापरा. बहुतेक मराठी घरांत भिंतीवर दोन गोष्टी असतातच. एक घड्याळ आणि दुसरं कॅलेंडर. कालनिर्णय तर १९७३ पासून आपल्या भिंतींवर आहे, दूधवाल्याचा हिशोब आणि गॅस सिलिंडरची तारीख त्यावरच लिहिलेली असते.

घड्याळाचा काटा दाखवतो ते ॲट. ‘ॲट सेव्हन ओ’क्लॉक’, ‘ॲट हाफ पास्ट टेन’. मराठीत इथे ‘वाजता’ येतं, त्यामुळे हे सगळ्यात सोपं.

कॅलेंडरच्या एका चौकटीवर बोट ठेवता येतं ते ऑन. ‘ऑन मंडे’, ‘ऑन १५ ऑगस्ट’, ‘ऑन माय बर्थडे’.

पूर्ण पान किंवा अख्खं कॅलेंडर लागतं ते इन. ‘इन जून’, ‘इन द रेनी सीझन’, ‘इन २०२३’.

सकाळ, दुपार, संध्याकाळ हे दिवसाचे मोठे तुकडे, म्हणून त्यांनाही इन. पण ‘सोमवारी सकाळी’ म्हटलं की परत बोट एका चौकटीवर जातं, म्हणून ‘ऑन मंडे मॉर्निंग’. मुलांना हे बोट ठेवून दाखवलं की पटतं.

उदाहरणं पुस्तकातली लंडन-पॅरिसची कशाला? आपल्या गावाचीच घ्या. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ला झाली. ‘ऑन १७ मार्च १९७०’, पण ‘इन मार्च १९७०’, आणि नुसतं ‘इन १९७०’. एकच घटना, बोट चौकटीवरून पानावर आणि पानावरून अख्ख्या कॅलेंडरवर. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला सुरू झाली. लोकल खाडी ओलांडून वाशीला आली तीही १९९२ मध्येच. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला धावली. तिसरी-चौथीच्या मुलांना गटात बसवून या तारखा द्या आणि तीन-तीन वाक्यं करायला सांगा. इंग्रजीबरोबर परिसर अभ्यासही होतो आणि मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना विचारतात, “तुम्ही आलात तेव्हा ट्रेन होती का?”

रात्रीचे दोन की सकाळचे दोन?

‘ॲट नाइट’ मात्र नियमात बसत नाही. ते अपवाद म्हणून सरळ सांगून टाकावं, उगाच कारण जोडत बसू नये. पण रात्रीवरून एक गंमत सांगते.

आमच्या वर्गात तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये काम करणाऱ्या पालकांची मुलं आहेत. भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात. ‘माय फादर’वर लिहिताना एका मुलीने लिहिलं, ‘ही गोज टू मार्केट ॲट टू ओ’क्लॉक ॲट नाइट.’ तपासणाऱ्या दुसऱ्या शिक्षकांनी चूक दिली. इंग्रजीत सहसा ‘टू इन द मॉर्निंग’ म्हणतात म्हणून.

बरोबर आहे, म्हणतात. कारण इंग्रजी दिवस घड्याळाच्या बारावर उलटतो. आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. बाहेर काळोख आणि कोणी “सकाळचे दोन वाजले” म्हणालं तर आपण हसू. दोनला रात्र, चारला पहाट, सातला सकाळ. आपल्याकडे पहाटेला स्वतःचं नाव आहे, इंग्रजीत तिला ‘अर्ली मॉर्निंग’ म्हणून सकाळीतच ढकललंय. त्या मुलीचे वडील रात्री जातात हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या वाक्यावर काट मारण्याऐवजी बाजूला लिहायचं, ‘इंग्रजी लोक याला टू इन द मॉर्निंग म्हणतात.’ मी तिला पूर्ण मार्क दिले असते.

पालकांनी हे लक्षात ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. रेल्वेच्या तिकिटावर १२ तारखेचे रात्रीचे साडेबारा म्हणजे ११ तारखेला जेवून निघायचं असतं. यात गाडी चुकलेली कुटुंबं तुमच्याही ओळखीत असतील.

‘पासून’ची गोची

आता माझी स्वतःची फजिती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मुलाखतीत मला विचारलं, किती वर्षं शिकवताय? मी आत्मविश्वासाने म्हणाले, ‘आय ॲम टीचिंग सिन्स फोर इयर्स.’ समोरच्यांनी हसून दुरुस्त केलं. त्यानंतर अर्धा तास मी एकही लांब वाक्य बोलले नाही. येत असून बोलले नाही. म्हणून वर्गात मूल चुकल्यावर हसणाऱ्यांना मी पहिलं गप्प करते.

मी पाचवीत एबीसीडी शिकले. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी पाचवीतच होते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शेवटच्या काही तुकड्यांतली. पण पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आजची मुलंही तेच वाक्य बोलतात. म्हणजे प्रश्न किती वर्षं शिकलात याचा नाही.

प्रश्न ‘पासून’चा आहे. मराठीत ‘१९९२ पासून’ चालतं आणि ‘चार वर्षांपासून’ही चालतं. इंग्रजी इथे दोन वाटा करतं. सुरुवात कुठून झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. ‘सिन्स १९९२’, पण ‘फॉर फोर इयर्स’. शिवाय मराठीत क्रियापद वर्तमानातलंच राहतं, ‘मी चार वर्षांपासून शिकवतेय’. इंग्रजी म्हणतं, ‘आय हॅव बीन टीचिंग’. एका छोट्या वाक्यात मराठी मुलासाठी दोन खड्डे!

यावर मी एक देशी चाचणी काढली आहे. ‘पासून’ काढून टाका आणि पुढे गेला, गेली, गेले लावून बघा. ‘गेली चार वर्षं मी शिकवतेय’, वाक्य टिकलं. मग फॉर. ‘गेलं १९९२ इथे महानगरपालिका आहे’, छे, वाक्य पडलं. मग सिन्स.

हे शिकवलं त्याच दिवशी एका मुलीने हात वर केला. “मॅडम, ‘गेल्या सोमवारपासून मी आजारी आहे’ यात पण गेल्या आहे, मग फॉर?” शाब्बास! मी तिलाच फळ्यावर बोलावलं. ‘पासून’ काढ म्हटलं. तिने वाचलं, “गेला सोमवार मी आजारी आहे,” आणि सगळा वर्ग हसला. वाक्य पडलं, म्हणून सिन्स. इंग्रजीच्या तासाला चौथीची मुलं मराठी वाक्यं उलटीपालटी करून बघत होती. मला विचाराल तर त्या दिवशी दोन्ही भाषांचा तास झाला.

‘पर्यंत’, ‘आत’ आणि ‘आधी’

आता ज्या शब्दाने त्या माउलीची फेरी फुकट घालवली, तिकडे येऊ.

‘शुक्रवारपर्यंत मी आजीकडे राहणार.’
‘शुक्रवारपर्यंत वही दे.’

मराठीत दोन्हीकडे पर्यंत. पण नीट बघा. राहणं रोज चालू आहे, शुक्रवारी थांबेल. वही द्यायची एकदाच आहे, फक्त शुक्रवार उलटू द्यायचा नाही. इंग्रजीत पहिल्याला टिल, दुसऱ्याला बाय. ‘टिल फ्रायडे’, ‘बाय फ्रायडे’.

इथली चाचणी ‘उशिरात उशिरा’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी वही दे’ हे वाक्य टिकतं, म्हणून बाय. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी आजीकडे राहणार’ म्हटलं की अर्थच बिघडतो, म्हणून टिल.

आणि तिसरा बिफोर. ‘बाय १० जून’मध्ये १० तारीख चालते. ‘बिफोर १० जून’मध्ये चालत नाही, ९ ला संपलं. मराठीत आपण ‘१० तारखेच्या आत’ म्हणतो तेव्हा १० धरायची की नाही यावर घराघरांत वाद होतात. म्हणून वर्गात मी आता एकच प्रश्न पक्का केलाय. तारीख दिसली की विचारायचं, “शेवटचा दिवस कोणता?” सूचना, जाहिरात, फीची पावती, औषधाच्या पाकिटावरची तारीख, काहीही असो. वाक्याचं भाषांतर एकवेळ नाही जमलं तरी चालेल, शेवटचा दिवस सांगता आला पाहिजे.

‘आधी’ आणि ‘पूर्वी’ची दुसरी एक चूक फार दिसते. ‘दोन दिवसांपूर्वी’चं मुलं ‘बिफोर टू डेज’ करतात. इंग्रजीत आजपासून मागे मोजायचं तर ‘टू डेज ॲगो’. बहुतेक व्याकरणाच्या पुस्तकांत ॲगोला प्रिपोझिशन म्हणत नाहीत, पण मुलांना त्याच्याशी काय करायचंय? मी सांगते, “ॲगो आपल्या गावाकडचा आहे. मराठीसारखा शब्दाच्या मागे उभा राहतो.” एवढं पुरतं.

मराठी कुठे कमी नाही

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, इंग्रजी किती काटेकोर आणि मराठी किती ढिसाळ. तसं अजिबात नाही. ही दोन वाक्यं घ्या.

‘मी दहा मिनिटांत डबा खातो.’
‘बस दहा मिनिटांनी येईल.’

‘मिनिटांत’ म्हणजे तेवढ्या वेळाच्या पोटात काम उरकणार. ‘मिनिटांनी’ म्हणजे तेवढा वेळ गेल्यावर. आपल्याकडे दोन वेगळे प्रत्यय. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इन टेन मिनिट्स’! इथे आपण बारीक आणि इंग्रजी जाडं. म्हणून आपली मुलं बस येण्याला ‘आफ्टर टेन मिनिट्स’ लिहितात. त्यांना ‘इन’ म्हटलं की ‘मिनिटांत’च आठवतं.

प्रत्येक भाषा वेळेचे तुकडे आपापल्या सोयीने करते. हे मुलांना कळलं की ‘मला इंग्रजी येत नाही’ याऐवजी ‘इंग्रजीत हे वेगळं आहे’ असं ती म्हणू लागतात. या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे. पहिलं वाक्य बोलणारं मूल मागच्या बाकावर जातं.

“पण इंग्रजीच्या तासाला मराठी?”

हा आक्षेप मला माहीत आहे. आमच्या डीएडलाही हेच बिंबवलं होतं, इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच. सहकारी म्हणतात, मराठी आणलं की मुलं इंग्रजीत विचार करणारच नाहीत. काही पालकही वहीत मराठी बघून विचारतात, “सेमी इंग्रजी ना हे?”

आक्षेपात तथ्य आहे, ते नाकारत नाही. आपल्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, परत मराठी वाक्य. त्यांचं लिहिणं पक्कं झालं, पण अनेकांना बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. तिकडे परत जायचं असं मी म्हणत नाही. गोष्टी, गाणी, वर्गातल्या सूचना, गप्पा हे इंग्रजीतच व्हायला हवं आणि भरपूर व्हायला हवं.

पण सिन्स-फॉर, बाय-टिलसारख्या जागा वेगळ्या आहेत. इथे मूल मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करतंच. आपण मराठीला बंदी घातली म्हणून ते थांबत नाही, फक्त आपल्याला दिसत नाही. चूक कुठून आली ते दिसलंच नाही तर दुरुस्त काय करणार? राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही वर्गातल्या अनेक भाषांकडे अडचण म्हणून न बघता साधन म्हणून बघायला सांगितलंय. ते कागदावर राहू नये एवढंच म्हणणं.

आणि नवी मुंबईत तर वर्गात एकटी मराठी नसतेच. कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या भोजपुरी, कोणाच्या कन्नड. हिंदी बोलणाऱ्या मुलांची गाडीही याच ठिकाणी अडते. त्यांच्या ‘पाँच साल से’ आणि ‘सोमवार से’मध्ये एकच ‘से’, आणि बाय-टिल दोन्हीला एकच ‘तक’. म्हणून मी विचारते, “तुमच्या घरी हे कसं म्हणतात?” ज्या मुलाची भाषा शाळेत कधी कोणी विचारली नाही, तो पण हात वर करतो.

माझं म्हणणं थोडक्यात

शिक्षकांसाठी तीन गोष्टी.

एक, पहिली ते तिसरीत फक्त ॲट, ऑन, इन. तेही घड्याळ आणि कॅलेंडरसमोर उभं राहून, रोजच्या दिनक्रमातून. व्याख्या पाठ करून घेऊ नका. सिन्स-फॉर, बाय-टिल-बिफोर चौथी-पाचवीत, मराठी वाक्याशी जोडी लावून.

दोन, ‘लास्ट संडे’, ‘नेक्स्ट संडे’, ‘एव्हरी संडे’ यांच्या आधी ऑन लागत नाही हे वेगळं सांगा. मराठीत ‘गेल्या रविवारी’, ‘दर रविवारी’ यांत वेलांटी तशीच राहते, म्हणून मुलं ‘ऑन लास्ट संडे’ लिहितात. आज, उद्या, काल यांना मराठीतही काही चिकटत नाही, त्यामुळे तिथे चुका कमी दिसतात.

तीन, फक्त रिकाम्या जागांवर तपासू नका. तीन पर्यायांतून एक निवडणं हे निम्मं नशिबावर असतं. आमच्या त्या मुलाने रिकाम्या जागा सगळ्या बरोबर भरल्या होत्या. त्याऐवजी एक खरी सूचना द्या. सहलीची, लसीकरणाची, पाणी बंद राहण्याची. आणि विचारा, केव्हापासून, केव्हापर्यंत, शेवटचा दिवस कोणता?

पालकांसाठी एकच गोष्ट, आणि त्यासाठी इंग्रजी यायची गरज नाही. मुलाने इंग्रजी मेसेज वाचून दाखवला की त्याला मराठीत विचारा, “त्या दिवशी गेलं तर चालेल का, की आदल्या दिवशी जायचं?” तो थांबेल, परत वाचेल. हे थांबणं महत्त्वाचं. आणि खरोखर मुदतीचं काम असेल तर शाळेत येऊन आम्हाला विचारा, लाजू नका. लहान मुलाच्या खांद्यावर घराचा सगळा कागदोपत्री व्यवहार टाकू नका. चुकलं तर ते ओझं त्याच्या मनावर राहतं. मी पाहिलंय.

त्या आईला मी त्या दिवशी सांगितलं, “चूक त्याची नाही ताई, माझी आहे. मी अर्धंच शिकवलं होतं.” मुलाने तेव्हा कुठे मान वर केली. तो आता दुसऱ्या शिक्षकांकडे आहे. पण परवा मधल्या सुट्टीत धावत आला. हातात आईच्या मोबाईलमधल्या मेसेजवरून उतरवून घेतलेला कागद. त्यावर लिहिलं होतं, ‘बाय २५ जुलै’.

“मॅडम, २५ ला गेलं तर चालतं ना?”

“चालतं,” मी म्हटलं. “पण आईला सांग, २४ लाच जा.”